एन्त्सूजीला तासभर कशासाठी? आमच्या जपान सहलीच्या प्रवाशांसाठी

कार्यक्रमपत्रिका हाती पडली की विचारणा ठरलेली: क्योतोच्या उत्तरेला, आडबाजूच्या या मंदिरात एवढा वेळ का? तिथे तर शेवाळ, चाळीसेक दगड आणि एक कुंपण.

ते कुंपणच नीट पाहा. सतराव्या शतकात ही जागा सम्राट गो-मिझुनोओ यांच्या विश्रामवाड्याची होती. समोरचा ८४८ मीटर उंचीचा हिएई डोंगर बागेत ओढून घ्यायचा, याच हिशेबाने तिची आखणी आहे. अशा रचनेला शाक्केई म्हणतात. छाटून सारखं केलेलं झुडपांचं कुंपण मधली जमीन झाकतं, सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांचे सरळसोट बुंधे चौकट धरतात, आणि कित्येक किलोमीटर लांबचा डोंगर शेवाळाला लागूनच उभा आहे असं वाटतं.

हे सगळं जुळून येतं ते आतल्या खोलीतल्या तातामीवर, म्हणजे गवती चटईवर बसल्यावर. आपली मंडळी मात्र बूट काढून थेट ओसरीच्या कडेला जातात आणि उभ्या उभ्या डोंगर झूम करतात. खांब सुटतात, कुंपण सुटतं, फोटोत उरतो एक साधा डोंगर. पाच मिनिटांत "झालं का?" सुरू होतं. नंतर बसमध्ये दुसऱ्याचा फोटो पाहिला की परत जायचा आग्रह, आणि पुढचा सगळा दिवस कोलमडतो. म्हणून विनंती: आधी खोलीत मागे बसा. मांडी घातली तरी चालते. फोटो शेवटच्या दहा मिनिटांत.

आम्ही दुपारीच नेतो, कारण हिएई पूर्वेला आहे. सकाळी ऊन त्याच्या पाठीमागून येतं. ढगांची हमी कुणालाच देता येत नाही, म्हणून क्योतोत तीन मुक्काम ठेवतो आणि दिवस बदलायला वाव राहतो. एका मुक्कामाच्या स्वस्त सहलीत हे जमत नाही. खुद्द क्योतो शहराने २००७ साली अशी दृश्यं जपायचा नियम केला, त्यात एन्त्सूजीहून दिसणारा हिएईही आहे.

क्योतोतल्याच तेन्र्यूजी मंदिरात आराशियामा भागातले डोंगर असेच तळ्यामागे घेतलेत. तिथे गर्दी असते, सकाळी लवकर जाऊ. दक्षिण जपानातल्या कागोशिमाची जोडसहल घेणाऱ्यांना सेन्गानएन दाखवतो: तिथल्या सत्ताधारी शिमाझू घराण्याची १६५८ सालची बाग, जिथे साकुराजिमा ज्वालामुखी हीच बागेची टेकडी आणि अख्खी खाडी हेच तळं.

क्योतोतला शुगाकुइन हा राजघराण्याचा विश्रामवाडा पाहायचा असेल तर पासपोर्टचा तपशील नोंदणीच्या वेळीच द्या. परवानगी तिथल्या राजघराण्याच्या कार्यालयाकडून घ्यावी लागते आणि प्रवेशाला वयाची अट असते. अर्ज आम्ही भरतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.