नवजात बाळाचं फुफ्फुस: लहान आणि कमजोर यांत गल्लत नको

समजा, दोन वेगळ्या वंशांच्या नवजात बाळांची फुफ्फुसं मोजली. शांतपणे श्वास सोडून झाल्यावर एकाच्या फुफ्फुसात ७० मिलिलिटर हवा उरली, दुसऱ्याच्या ८५. पहिलं फुफ्फुस कमजोर, असं म्हणून मोकळं होण्याआधी वजनं बघा: पहिलं बाळ २.८ किलोचं, दुसरं ३.४ किलोचं. दोघांचाही हिशेब किलोमागे २५ मिलिलिटरच निघतो. पहिलं फुफ्फुस लहान आहे, एवढंच.

या उरलेल्या हवेला डॉक्टर एफआरसी म्हणतात. ती आकार सांगते. काम कसं चाललंय हे सांगत नाही. मोठ्यांना नळीत जोरात फुंकायला सांगता येतं, नवजात बाळाला कोण सांगणार? म्हणून बाळ झोपलेलं असताना तोंडा-नाकावर छोटा मास्क ठेवतात, एखादा निरुपद्रवी वायू श्वासातून आत जाऊ देतात आणि मग तो बाहेर पडताना मोजत राहतात. वायूचं प्रमाण सुरुवातीच्या चाळिसाव्या हिश्शावर येईपर्यंत एफआरसीच्या किती पट हवा बाहेर टाकावी लागली, तो आकडा म्हणजे एलसीआय. हवा सगळीकडे सारखी खेळत असेल तर आकडा कमी येतो, काही कोपऱ्यांत अडकत असेल तर वाढतो. आकाराने भागलेलं असल्यामुळे लहान-मोठ्या फुफ्फुसांची तुलना इथे बरीच न्याय्य होते. वांशिक तुलनेत नुसते मिलिलिटर दिले असतील, तर मी तरी त्यावरून कोणाला कमजोर ठरवणार नाही.

आकार आणि परिपक्वता यांचीही अशीच गल्लत होते. अमेरिकेत तितक्याच आठवड्यांना जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, फुफ्फुस अपरिपक्व राहिल्याने होणारा श्वसनत्रास कृष्णवर्णीय बाळांमध्ये गोऱ्या बाळांपेक्षा कमी आढळत आलाय. मोठ्या माणसांच्या तपासणीत मात्र कृष्णवर्णीयांची फुफ्फुसं सरासरीने लहान भरतात, म्हणून त्यांच्यासाठी ‘सामान्य’ची पातळीच १० ते १५ टक्क्यांनी खाली धरायची पद्धत होती. गरिबी, प्रदूषण, लहानपणचे आजार यांनी झालेलं नुकसानही त्यात ‘सामान्य’ ठरून झाकलं जायचं. २०२३मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुफ्फुसतज्ज्ञांच्या संघटनेने वंशनिरपेक्ष मापं वापरायची शिफारस केली, ती उशिराच म्हणायची.

नवजात बाळाने तर अजून प्रदूषण पाहिलेलं नाही, मग त्याच्यात दिसणारा फरक रक्तातलाच, असा युक्तिवाद होतो. तो मला सगळ्यात फसवा वाटतो. गर्भातले नऊ महिने हीसुद्धा परिस्थितीच आहे. आईचं धूम्रपान, कुपोषण, मुदतपूर्व प्रसूती यांच्या खुणा जन्माच्या दिवशीच फुफ्फुसावर असतात. इंटरग्रोथ-२१ या अभ्यासात ब्राझील, केनिया, भारत, इटली यांसह आठ देशांतल्या निरोगी, पोटभर खाणाऱ्या मातांची बाळं पाहिली गेली. २०१४मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, जन्मावेळच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी सुमारे ३.५ टक्केच वाटा ठिकाणांमधल्या फरकाचा होता. हे लांबीबद्दल आहे, फुफ्फुसांबद्दल नाही. पण फुफ्फुसाचा आकार शरीराबरोबरच वाढतो.

याचा अर्थ वांशिक फरक असूच शकत नाही असा नाही. मोठ्यांमधल्या फरकाचा काही भाग धड आणि पाय यांच्या प्रमाणातून येतो. सारख्याच उंचीत पाय लांब असले की छातीला जागा कमी उरते. पण नवजात बाळांत हे कारण फारसं पुढे करता येत नाही, कारण जन्मतः सगळ्यांचंच धड लांब आणि पाय आखूड असतात.

तेव्हा तुलना करायचीच, तर गर्भाचे आठवडे, वजन, लांबी आणि लिंग आधी जुळवायला हवं (मुलग्यांची फुफ्फुसं मुलींपेक्षा थोडी उशिरा पिकतात). मोजणी जन्मानंतर कितव्या दिवशी झाली हेही बघायला हवं. आणि दोन्ही गटांना मास्क नि यंत्र एकच हवं. इतक्या छोट्या श्वासात मास्कमध्ये साठणारी चार-पाच मिलिलिटर हवासुद्धा आकडा हलवते, आणि तो फरक वंशाच्या नावावर सहज खपून जातो.