‘बॉरो’ दोन आठवड्यांसाठी करता येतं!

चीनमधल्या शाळांत इंग्रजी शिकताना एक नियम हमखास पाठ करून घेतला जातो: ‘बॉरो’ हे क्षणिक, म्हणजे क्षणात पूर्ण होणाऱ्या क्रियेचं, क्रियापद आहे, म्हणून त्याच्यासोबत कालावधी येत नाही, कालावधी सांगायचा असेल तर ‘कीप’ वापरा. ग्रंथालयाच्या काउंटरवरचा ‘हाउ लाँग कॅन आय कीप इट?’ हा प्रश्न त्यातूनच तोंडी बसतो. प्रश्न बरोबरच आहे. पण म्हणून ‘हाउ लाँग कॅन आय बॉरो इट?’ चूक ठरत नाही. ‘यू कॅन बॉरो इट फॉर टू वीक्स’ हे इंग्रज सर्रास बोलतात.

घोळ आहे ‘फॉर’चा. मराठीत आपण ‘दोन आठवड्यांसाठी नेलं’ आणि ‘दोन आठवड्यांपासून माझ्याकडे आहे’ असं वेगळं म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘फॉर’च. पहिला अर्थ ‘बॉरो’ला चालतो. ‘आय हॅव बॉरोड इट फॉर टू वीक्स’ मधून दुसरा अर्थ काढायला गेलं की वाक्य अवघडतं. नियमात तथ्य आहे ते एवढंच.

आणि तिथेही सहज येणारं क्रियापद ‘हॅव’: ‘आय हॅव हॅड इट फॉर टू वीक्स’. ‘कीप’ला ‘ठेवून घेणे’ची छटा आहे. मित्राला ‘कॅन आय कीप इट?’ विचारलंत, तर पुस्तक परत येणार नाही असंच त्याला वाटेल.

चिनी मुलांना खरा त्रास देते ती वेगळीच जोडी, ‘बॉरो’ आणि ‘लेंड’. चिनीत उसनं घेणं आणि देणं, दोन्हींना ‘ज्ये’ चालतं. दिशा बाकीचं वाक्य सांगतं.