अप्रेझलची फी, पावती आणि तुमचे प्रश्न : घरकर्ज घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

अमेरिकेत घरासाठी कर्ज घेताना किंवा रिफायनान्स करताना लेंडर (कर्ज देणारी बँक किंवा संस्था) बहुतेक वेळा घराचं अप्रेझल, म्हणजे किमतीचं स्वतंत्र मूल्यांकन, मागवतो आणि त्या कामासाठी आमच्यासारखा परवानाधारक अप्रेझर तुमच्या दारी येतो. मोजमाप घेतो, फोटो काढतो, चार गोष्टी विचारतो आणि निघतो. मग फोन येतात. त्यांत दोन प्रश्न हमखास असतात : “भरलेल्या पैशांची पावती कुठे मिळेल?” आणि “घराची किंमत किती आली?” पहिल्याचं उत्तर कधी आमच्याकडे असतं, कधी लेंडरकडे. दुसऱ्याचं उत्तर माहीत असूनही सांगायची आम्हाला मुभा नसते. यावर माणूस चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त आहे, कारण पैसे त्याच्या खिशातून गेलेले असतात. काय कोणाला विचारायचं आणि का, हे नीट कळावं म्हणून हे पत्रक.

फी तुमची, पण क्लायंट लेंडर

कर्जासाठीच्या अप्रेझलमध्ये ज्याने आम्हाला काम दिलं तोच आमचा क्लायंट. म्हणजे लेंडर, किंवा त्याच्या वतीने कामं वाटणारी अप्रेझल मॅनेजमेंट कंपनी, जिला या व्यवसायात सगळे एएमसी म्हणतात. फी कोणी भरली यावरून क्लायंट ठरत नाही. यूएसपॅप ही आमच्या व्यवसायाची नियमावली. तिच्यानुसार अहवालातले निष्कर्ष क्लायंटला आणि त्याने परवानगी दिलेल्यांनाच सांगता येतात. कोर्टाचा आदेश किंवा राज्याच्या नियामकाची चौकशी असे मोजके अपवाद सोडले, तर बाकी सगळ्यांपुढे तोंड बंद.

यामागे कटू अनुभव आहे. १९८० च्या दशकात ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्था धडाधड बुडाल्या, त्यात फुगवलेल्या अप्रेझल्सचाही हात होता. १९८९ च्या फिरिया कायद्याने मग राज्यांमार्फत अप्रेझरना परवाने देण्याची व्यवस्था आली. पुढे घरबाजार कोसळला आणि २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने अप्रेझरवर ठरावीक आकड्यासाठी दबाव आणणं बेकायदा ठरवलं. हा नियम लोन ऑफिसरला लागू आहे, एजंटला आहे, व्यवहारात हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला आहे. आम्हाला तो मनापासून पटतो. घराच्या किमतीपेक्षा मोठं कर्ज डोक्यावर बसलं, तर त्याचा भार शेवटी कर्जदारच वाहतो.

पावती कोणाकडून घ्यायची?

सरळ हिशोब असा की ज्याच्या हातात पैसे गेले, पावती त्याने द्यायची. आजकाल बहुतेक वेळा लेंडर किंवा एएमसी तुमच्या कार्डावरून फी घेते. लोन एस्टिमेट (कर्जाच्या खर्चाचा अंदाज देणारा कागद) मिळून तुम्ही पुढे जायचा होकार देईपर्यंत लेंडरला क्रेडिट रिपोर्टच्या खर्चाशिवाय कुठलीही फी घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. कार्डाने भरलेल्या पैशांची पावती लेंडर किंवा एएमसीच देते. आम्हाला अनेकदा विनंती येते, “तुम्ही तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या ना.” ते आम्ही करत नाही. जे पैसे आमच्याकडे आलेच नाहीत, त्यांची पावती आम्ही कशी फाडणार? शिवाय तुम्ही भरलेल्या रकमेत एएमसीचा वाटाही असू शकतो, त्यामुळे आमच्या बिलाचा आकडा आणि तुमच्या कार्डावरचा आकडा वेगळा दिसू शकतो. यात लपवाछपवी नाही. क्लोजिंग डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे कर्जाचा व्यवहार पूर्ण होण्याआधी (क्लोजिंगआधी) मिळणाऱ्या अंतिम खर्चाच्या कागदात, हे दोन भाग वेगळे दाखवायची कायद्याने मुभा आहे. तुमच्या कागदावर ते वेगळे दिसत नसतील, तर लेंडरला फोड मागा.

काही लेंडर मात्र आम्हाला फी दारातच घ्यायला सांगतात. तशी ऑर्डर असली तर भेटीची वेळ ठरवतानाच आम्ही रक्कम कळवतो आणि पैसे हातात पडताक्षणी, घरात पाऊल टाकण्याआधी, पावती देतो. तिच्यावर तुमचं नाव, घराचा पूर्ण पत्ता, तारीख, रक्कम, पैसे कसे दिले, चेक असेल तर त्याचा नंबर, लेंडरचं नाव, ऑर्डर नंबर, आमचा परवाना क्रमांक आणि सही एवढं असतं. यातलं काही राहिलं असेल तर आम्हाला तिथेच थांबवा. चेक फर्मच्या नावाने लिहा, माणसाच्या नावाने नको. दारात आलेल्याची खात्री करायची असेल, तर फेडरल अप्रेझल सबकमिटीच्या राष्ट्रीय नोंदवहीत परवाना ऑनलाइन तपासता येतो. खुशाल आमच्यासमोर तपासा, आम्हाला राग येत नाही.

पावतीवर घराच्या किमतीबद्दल अवाक्षरही नसतं. पावती एवढंच सांगते की अमुक कामाचे पैसे मिळाले. आकडा काय येतो यावर फी अवलंबून ठेवायला यूएसपॅपची सक्त मनाई आहे, म्हणून किंमत अपेक्षेपेक्षा कमी आली किंवा कर्ज नामंजूर झालं, तरी झालेल्या कामाची फी परत होत नाही. भेटीआधीच काम रद्द झालं तर काय, हे लेंडरच्या धोरणावर ठरतं. ते पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या.

पावती जपून का ठेवायची, तर क्लोजिंगच्या वेळी तिची खरी गरज पडते. क्लोजिंग डिस्क्लोजरचं दुसरं पान उघडा. लोन कॉस्ट्सखाली, तुम्ही स्वतः निवडल्या नाहीत अशा सेवांच्या ‘बी’ गटात, अप्रेझल फीची ओळ असते. आधीच भरलेली फी ‘बिफोर क्लोजिंग’च्या रकान्यात दिसायला हवी. तीच रक्कम ‘ॲट क्लोजिंग’च्या रकान्यात असेल, तर तुमच्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेतले जाणार आहेत. सही करण्याआधी पावती दाखवा आणि दुरुस्त करून घ्या. सह्यांच्या गर्दीत ही एक ओळ नजरेतून सहज निसटते.

करांबद्दलही विचारणा होते. राहत्या घराच्या कर्जासाठी लेंडरने मागितलेल्या अप्रेझलची फी घराच्या मूळ खर्चात धरता येत नाही, हे आयआरएस या केंद्रीय करखात्याच्या प्रकाशन ५३० मध्ये स्पष्ट आहे. भाड्याच्या मालमत्तेचा हिशोब वेगळा असतो, तो तुमच्या सीपीएला विचारा.

घरात असताना काय विचारावं?

खूप काही. आम्ही काय मोजतो, कशासाठी मोजतो, फोटो कुठले लागतात, वेळ किती लागेल, अहवाल लेंडरकडे साधारण कधी जाईल, हे सगळं आम्ही आनंदाने सांगतो.

क्षेत्रफळावरून सर्वात जास्त गैरसमज होतात, म्हणून थोडं सविस्तर. लेंडरकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेने १ एप्रिल २०२२ पासून मोजमापासाठी एएनएसआय झेड७६५ हे मानक बंधनकारक केलं. त्यानुसार कुठल्याही मजल्याचा थोडासा भाग जरी जमिनीखाली असला, तरी तो पूर्ण मजला तळघरात मोडतो. तुम्ही तिथे उत्तम फ्लोअरिंग, बाथरूम, होम थिएटर केलं असलं तरी ते क्षेत्रफळ वरच्या मजल्यांच्या बेरजेत जात नाही. त्याची नोंद वेगळी होते आणि त्याचा विचारही होतो. उतरत्या छताची माळ्यावरची खोली असेल, तर आम्ही टेप लावून छताची उंची पाहतो. पाच फुटांपेक्षा कमी उंचीचा कोपरा मोजायचाच नाही, आणि मोजलेल्या भागापैकी निदान निम्म्यावर छत सात फूट तरी हवं. ही अट पुरी झाली नाही तर खोली क्षेत्रफळात धरली जात नाही. अहवालातला आकडा काउंटीच्या नोंदीशी किंवा विक्रीच्या जाहिरातीशी जुळला नाही, तर बहुधा कारण इथेच सापडतं.

तुम्ही आम्हाला माहितीही देऊ शकता, आणि जरूर द्यावी. छत कधी बदललं, स्वयंपाकघर कधी नवं केलं, वाढवलेल्या खोलीचं परमिट, एचओएची (घरमालक संघटनेची) वर्गणी, जमिनीचा सर्व्हे असेल तर त्याची प्रत. तारखांसकट एका कागदावर लिहून दिलंत तर उत्तमच, कारण बोलता बोलता सांगितलेलं मागे राहून जातं. शेजारचं घर अलीकडे विकलं गेलं असेल तर तेही सांगा. याला दबाव म्हणत नाहीत. “निदान इतकी किंमत यायलाच हवी” असं म्हणणं मात्र दबावात जमा होऊ शकतं, म्हणून ते वाक्य टाळा. “अंदाजे तरी सांगा” या आग्रहालाही आमच्याकडून हो किंवा नाही असं काहीच मिळणार नाही. खरं तर तुमच्या दिवाणखान्यात उभे असताना आम्हालाही किंमत माहीत नसते. तुलनेची विकलेली घरं तपासून, प्रत्येकातला फरक लावून मगच मत बनतं.

अहवाल हातात कधी येतो?

तुमच्या घरावर पहिलं तारण ठेवून कर्ज घेत असाल, तर अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. १८ जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या फेडरल नियमानुसार लेंडरने ती अहवाल तयार होताच तत्परतेने किंवा क्लोजिंगच्या निदान तीन कामाच्या दिवसांआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, द्यायची असते. लेखी मान्यता देऊन तुम्ही ही मुदत सोडू शकता, पण घाई नसेल तर सोडू नका. वाचायला तेवढे दिवस हवेतच. अप्रेझलची फी वेगळी आणि प्रत वेगळी. प्रतीसाठी जादा पैसे घेता येत नाहीत. कर्ज नामंजूर झालं किंवा तुम्ही अर्ज मागे घेतला, तरी तयार झालेल्या अहवालावरचा हा हक्क जात नाही.

प्रत हातात आली म्हणून तुम्ही आमचे क्लायंट होत नाही. त्यामुळे अहवालातल्या मजकुराबद्दल फोन केलात तर आम्ही तुम्हाला लेंडरकडेच पाठवू. हे ऐकायला कोरडं वाटतं, याची आम्हाला जाणीव आहे. पण तुमचा मुद्दा लेंडरमार्फत आला की तो नोंदीवर येतो आणि आम्हाला त्याचं उत्तर लेखी द्यावं लागतं. फोनवरच्या गप्पांपेक्षा त्यात तुमचंच हित आहे.

किंमत कमी आली असं वाटलं तर

फेरविचाराची विनंती करता येते. तिला रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू म्हणतात. आणखी तुलनात्मक विक्री विचारात घ्या, निष्कर्षाचं स्पष्टीकरण द्या, चूक दुरुस्त करा, हे तिन्ही मागायला कायद्याची स्पष्ट मुभा आहे. विनंती लेंडरकडे लेखी पाठवा आणि मुद्देसूद लिहा. “अहवालात दोन बाथरूम आहेत, प्रत्यक्षात अडीच आहेत, सोबत फोटो” हे एक वाक्य दोन पानी नाराजीपेक्षा जास्त काम करतं. तुलनेसाठी घरं सुचवताना ती विकलेली असावीत, विक्री अहवालाच्या प्रभावी तारखेआधीची (ज्या तारखेची किंमत अहवाल सांगतो तिच्याआधीची) असावी आणि घर तुमच्यासारखंच असावं. वेबसाइटवरचे ऑटोमॅटिक अंदाज, काउंटीचं करमूल्य किंवा शेजाऱ्याने मागितलेली किंमत यांनी काही सिद्ध होत नाही. वंश, धर्म, मूळ देश यामुळे किंमत कमी लावली गेली अशी शंका असेल, तर तेही लेंडरला स्पष्ट लिहा. फेअर हाउसिंग कायद्याने हा भेदभाव निषिद्ध आहे आणि तक्रार एचयूडी या केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडेही करता येते.

व्हीए कर्जात (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतल्या) आणखी एक सोय आहे, टाइडवॉटर. किंमत विक्रीकरारातल्या रकमेपेक्षा कमी येईल असं दिसलं, तर अप्रेझर अहवाल देण्याआधीच लेंडरच्या संपर्क व्यक्तीला कळवतो आणि जादा माहिती द्यायला दोन कामाचे दिवस मिळतात. तुमच्या एजंटने त्या दोन दिवसांत फोन उचलायला हवा.

कर्जाशी संबंध नसलेलं काम

वारसाहक्क, घटस्फोट किंवा विक्रीपूर्व अंदाज यासाठी तुम्ही स्वतः अप्रेझल मागवू शकता. तेव्हा क्लायंट तुम्ही. पावती आमची, अहवाल थेट तुमच्या हातात, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर आम्ही तुमच्याशी बसून बोलू. तो अहवाल कर्जासाठी मात्र चालत नाही, कारण तिथे अप्रेझर लेंडरनेच नेमावा लागतो.

दारात दिलेली पावती हरवली, तर घराचा पत्ता आणि भेटीचा महिना कळवा. यूएसपॅपप्रमाणे कामाची फाइल आम्ही किमान पाच वर्षं ठेवतो आणि पावतीची स्थळप्रतही तिच्यातच असते. दुसरी प्रत काढून देतो, तिचे पैसे घेत नाही.