भांडण मिटलं नाही, बर्फात ठेवलंय

अंटार्क्टिकात आज इतक्या देशांचे शास्त्रज्ञ शेजारी शेजारी काम करतात की तिथे पहिल्यापासून गोडीगुलाबीच होती असं वाटतं, पण फेब्रुवारी १९५२ मध्ये होप बे इथे ब्रिटिश लोक जहाजातलं सामान उतरवत असताना अर्जेंटिनावाल्यांनी त्यांच्या डोक्यावरून चक्क मशीनगन चालवली होती. कारण काय तर जमीन. सात देशांनी या खंडाचे तुकडे आपापले म्हणून जाहीर केलेले, त्यात ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली तिघांचाही डोळा बराचसा एकाच तुकड्यावर.

एकत्र संशोधनाची कल्पना मात्र त्याहून खूप जुनी. कार्ल वायप्रेख्ट नावाचा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलातला अधिकारी, त्याचं जहाज १८७२ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात अडकलं ते अडकलंच, शेवटी तिथेच सोडून यावं लागलं. परत आल्यावर तो म्हणायला लागला की ध्रुवावर आधी कोण पोचतं ही शर्यत बास, सगळ्यांनी ठिकठिकाणी बसून एकाच वेळी, एकाच पद्धतीने नोंदी घ्या. त्यातून १८८२-८३ चं पहिलं ध्रुवीय वर्ष झालं, ते बघायला तो बिचारा राहिला नाही, १८८१ मध्येच गेला.

मग १९५७-५८ चं भूभौतिक वर्ष, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायचं वर्ष. शीतयुद्ध ऐन भरात, आणि तरी एक अमेरिकन हवामानतज्ज्ञ सोव्हिएत लोकांच्या मिर्नी स्टेशनवर अख्खा हिवाळा काढतो आणि एक सोव्हिएत माणूस अमेरिकेच्या लिटल अमेरिका तळावर! माझ्या मते खरा करार इथेच झाला, कागद नंतर आला.

तो कागद म्हणजे १ डिसेंबर १९५९ ला वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सही केलेला अंटार्क्टिक करार, लागू झाला १९६१ मध्ये. लष्करी तळ नाही, अणुस्फोट नाही, कुणीही कुणाच्या स्टेशनची तपासणी करू शकतं. पण खरी गंमत चौथ्या कलमात आहे, कुणाचा दावा मान्य पण नाही आणि अमान्य पण नाही, फक्त करार चालू असेपर्यंत नवा दावा करायचा नाही. भारताने हा विषय १९५६ मध्येच युनोत काढायचा प्रयत्न केलेला, करारात आपण आलो १९८३ ला. खाणकामावर बंदी १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे या करारालाच जोडलेल्या पुढच्या कराराने आली.

आणि ते जुने दावे? अर्जेंटिनात २०१० पासून कायदाच आहे, शाळेतल्या नकाशात अंटार्क्टिकाचा तो तुकडा देशाचा भाग म्हणून दाखवायचा.