ब्रुकलँड्स

ब्रुकलँड्स : मोटारींच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला, कलत्या वळणांचा पहिला ट्रॅक. इंग्लंडच्या सरे परगण्यात वेब्रिजजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदाराने तो स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पैशाने उभारला. १७ जून १९०७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ७ ऑगस्ट १९३९ रोजी शेवटची शर्यत झाली.

१९०३ च्या कायद्याने ब्रिटनच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची (३२ किमी) मर्यादा घातली होती. फ्रान्समध्ये गावागावांमधून शर्यती होत असताना ब्रिटिश कारखान्यांना आपली गाडी पूर्ण वेगाने चालवून पाहायलाही जागा नव्हती. कर्नल केपल होल्डन यांनी आराखडा केला आणि सुमारे नऊ महिन्यांत काम उरकले. खर्च दीड लाख पौंडांच्या आसपास गेला. त्या ताणाने लॉक किंग आजारी पडले, तेव्हा व्यवहाराची सूत्रे त्यांच्या पत्नी एथेल यांनी हाती घेतली. ट्रॅकच्या इतिहासात त्यांचे नाव पतीच्या बरोबरीने घ्यायला हवे.

बाहेरचा फेरा सुमारे पावणेतीन मैलांचा (४.४५ किमी), रुंदी १०० फूट. दोन टोकांना दोन बँकिंगे, म्हणजे आत कललेली वळणे होती. मेंबर्स बँकिंगची त्रिज्या १,००० फूट आणि उंची सुमारे २९ फूट. बायफ्लीट बँकिंग जास्त मोठ्या त्रिज्येचे, उंचीला सुमारे २२ फूट. बँकिंगचा छेद एकसारख्या उताराचा नव्हता. तळाशी तो जवळजवळ सपाट होता आणि वर जावे तसा चढ वाढत जाई. त्यामुळे प्रत्येक वेगाला त्याची अशी एक उंची मिळे. त्या उंचीवर गाडी स्टिअरिंगला फारसा हात न लावता वळे. वेगाच्या मानाने खालून गेल्यास स्टिअरिंग सतत ओढून धरावे लागे आणि टायर घासून जात. उलट कमी वेगात फार वर गेलेली गाडी खाली घसरू पाही.

ब्रुकलँड्सचे सगळे भलेबुरे त्याच्या काँक्रीटमध्ये आहे. इतक्या चढ्या उतारावर डांबरी थर घालून रोलरने दाबणे त्या काळी जमण्यासारखे नव्हते, म्हणून उघडे काँक्रीट जागेवरच ओतले. त्यात लोखंडी सळ्या नव्हत्या आणि खाली होता नुकताच घातलेला मातीचा भराव. भराव जागोजागी कमीजास्त खचला, तसे वरचे तुकडे तडकले आणि सांध्यांना पायऱ्या पडल्या. पहिल्या महायुद्धात लष्करी वाहनांच्या भरीव टायरांनी उरलीसुरली सफाई घालवली, आणि १९२० पर्यंत ट्रॅक पुन्हा सुरू होऊ शकला नाही. दर हिवाळ्यात डागडुजी चाले. पण खालची माती हलत असताना वरून ठिगळे लावून पृष्ठभाग सपाट होत नाही. सर्वांत वाईट जागा वे नदीवरच्या पुलाची. पूल आणि दोन्ही बाजूंचा भराव सारखे बसले नाहीत, तिथे उंचवटा तयार झाला. मेंबर्स बँकिंगवरून सुटलेली वेगवान गाडी तिथे चारही चाकांनी हवेत जाई. चेसिसना, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, भेगा जात; स्प्रिंगचे पाटे तुटत. त्यावर उपाय म्हणून पाट्यांना दोरी घट्ट गुंडाळत, म्हणजे उसळी घेताना पाने एकमेकांपासून सुटत नसत. १९२४ मध्ये पॅरिसजवळ मोंलेरीला प्रबलित, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा सांगाडा उभारून बँकिंग केले, तेव्हा ब्रुकलँड्सची मूळ चूक स्पष्टच झाली.

तरीही विक्रम इथेच झाले. २८-२९ जून १९०७ ला एस. एफ. एज यांनी नेपियर गाडीतून २४ तासांत १,५८१ मैल कापले. रात्री कडेला कंदील लावून मार्ग दाखवला होता. १५ फेब्रुवारी १९१३ ला पर्सी लँबर्ट यांनी टॅल्बटमधून एका तासात १०३.८४ मैल गाठले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुन्हा विक्रमाच्या प्रयत्नात असताना टायर फुटून त्यांचा मृत्यू झाला.

सुरुवातीचे आयोजन घोड्यांच्या शर्यतींवर बेतलेले होते. चालक नंबराऐवजी जॉकीसारखे रंगीत कपडे घालत आणि शर्यती बहुधा हँडिकॅपच्या, म्हणजे संथ गाडीला आधी सोडणाऱ्या असत. पहिली ब्रिटिश ग्रां प्री १९२६ मध्ये इथेच झाली. जिंकलेल्या फ्रेंच दलाज गाडीचा एक्झॉस्ट (धुराचा) पाइप चालकाच्या पायांजवळून जाई; पाय इतके भाजत की चालकांनी पिटमध्ये, म्हणजे कडेच्या थांब्यावर, थांबून ते पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवले. पुढच्या वर्षी दलाजने एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला हलवला आणि पुन्हा जिंकली.

आवाजावरून शेजारचे रहिवासी कोर्टात गेल्याने १९२० च्या दशकात मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. माशाच्या शेपटीसारख्या चपट्या तोंडाचा तो ‘ब्रुकलँड्स सायलेन्सर’ पुढे जगभर त्याच नावाने ओळखला गेला. रात्री गाड्या चालवायला मनाई असल्याने २४ तासांची शर्यत दिवसा बारा-बारा तास, अशी दोन दिवसांत विभागावी लागे.

बाहेरच्या फेऱ्याचा अखेरचा विक्रम जॉन कॉब यांचा : ७ ऑक्टोबर १९३५, ताशी १४३.४४ मैल (२३०.८ किमी). त्यांच्या नेपियर-रेल्टनमध्ये सुमारे २४ लिटरचे विमानाचे इंजिन होते आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना.

मधल्या मोकळ्या जागेत विमाने बनत व उडत. ‘हरिकेन’ या लढाऊ विमानाने पहिले उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ रोजी इथूनच केले. दुसऱ्या महायुद्धात कारखाने वाढले, विमानांतून जागा ओळखू येऊ नये म्हणून ट्रॅकवर झाडे लावली गेली. १९४६ मध्ये सगळी जागा व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्ज या विमान बनवणाऱ्या कंपनीला विकली. १९५१ मध्ये ‘व्हॅलियंट’ बाँबरला उडता यावे म्हणून बायफ्लीट बँकिंग फोडून वाट केली. वे नदीवरचा पूल १९६९ मध्ये पाडला. मेंबर्स बँकिंगचा मोठा तुकडा आजही उभा आहे. १९९१ पासून तिथे संग्रहालय असून कॉब यांची नेपियर-रेल्टन त्यातच ठेवली आहे.