ब्लिट्झचा वेग हातात नसतो

इंदूरच्या रामबागेत मुलांना बुद्धिबळ शिकवताना एक समज वर्षानुवर्षे कानावर येतो: ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटं मिळणाऱ्या झटपट डावांत, पुढे जायचं तर नुसते डावावर डाव खेळत राहा, हात बसला की रेटिंग आपोआप चढतं. हे खरं नाही. त्यापायी चांगली चांगली पोरं एकाच रेटिंगवर अडकलेली पाहून जीव तुटतो.

वेग येतो तो ओळखीतून. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली स्थिती फक्त पाच सेकंद दाखवली. मास्टरला नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे आठवले. तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा हा फरक जवळजवळ उरला नाही! म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती अचाट नव्हती, त्याला रचना ओळखीच्या होत्या. या रचना मुरतात त्या सावकाश खेळलेल्या डावांत, कोडी सोडवताना, हरलेला डाव पुन्हा मांडताना.

प्री-मूव्ह, म्हणजे समोरच्याने चाल करण्याआधीच आपली पुढची चाल देऊन ठेवणं, शिकावी, पण ती शेवटच्या काही सेकंदांपुरती.

पाच डाव झाले की थांबा आणि हरलेल्या डावात घड्याळ कुठे खर्ची पडलं ते बघा. माझ्या मुलांचं बहुतेकदा ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, संपल्या संपल्या, पुढे काय करायचं हेच ठाऊक नसल्यामुळे, मिनिटभर गेलेलं असतं.