मेंदूचा हादरा : किशोर खेळाडूंमधील तोल व नेत्रचलनाचे विकार

डोक्याला, चेहऱ्याला, मानेला वा धडाला बसलेल्या धक्क्याचा जोर मेंदूपर्यंत पोहोचून त्याच्या कार्यात येणारा बिघाड. यास कन्कशन असेही म्हणतात. रग्बी, फुटबॉल, आइस हॉकी, मुष्टियुद्ध इ. खेळांत तो विशेष आढळतो. बहुतेक खेळाडूंची शुद्ध हरपत नाही व सीटी स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही.

कवटीच्या इजेहून मेंदूच्या कार्यातील बिघाड वेगळा मानण्याचे श्रेय साधारणतः पर्शियन वैद्य अल्‌-राझी (सु. दहावे शतक) यास देतात. बिघाड नेमका कशाने होतो, हा वाद मात्र विसाव्या शतकातला. डेनी-ब्राउन व रसेल यांनी १९४१ मध्ये डोक्याच्या वेगात अचानक होणाऱ्या बदलावर भर दिला. होलबोर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून, डोके गर्रकन फिरल्याने मेंदूचे थर एकमेकांवर सरकतात व त्यातून इजा होते, असे मांडले. आज सरळ रेषेतील व गोल फिरण्याची अशी दोन्ही प्रकारची गती जबाबदार धरली जाते, तथापि पारडे होलबोर्न यांच्या बाजूला झुकते. पुढे गिझा व होव्हडा (२००१) यांनी पेशीच्या पातळीवरील घडामोड सांगितली : पोटॅशियम पेशीबाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, ग्लुकोजची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावतो.

हादऱ्यानंतर चक्कर येण्याचे मूळ कोठे, याविषयी तीन मते आहेत. काही जण आंतरकर्णातील, डोक्याच्या फिरण्याची जाणीव देणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांकडे बोट दाखवतात, तर काही जण मानेच्या स्नायू-सांध्यांकडे. तिसऱ्या मतानुसार कान, डोळे व मान यांच्याकडून आलेले संदेश मस्तिष्कस्तंभ (मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणारा भाग) व अनुमस्तिष्क (तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग) यांत नीट जुळत नाहीत. हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच रुग्णात तिन्ही कारणे असू शकतात, हेही खरे.

तोल तपासण्याच्या रूढ पद्धतीत खेळाडू कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून तीन पवित्र्यांत प्रत्येकी २० सेकंद उभा राहतो. प्रथम टणक जमिनीवर, मग फोमवर. हात सुटणे, डोळे उघडणे, पाऊल ढळणे या चुका मोजतात. सामन्याच्या थकव्यानेही चुका वाढतात. शिवाय ही गुणसंख्या बहुधा तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होते, त्यामुळे स्थिर उभा राहणारा मुलगा बरा झाला असे समजण्यात धोका आहे.

नेत्रचलनाच्या तक्रारी अधिक रेंगाळतात. पुस्तकातली ओळ सुटते, फळ्यावरून वहीकडे पाहताना अक्षरे धूसर होतात. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खेळाडू समोरच्या अक्षरावर नजर रोखून, मेट्रोनोमच्या (ठराविक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला १८० ठोक्यांवर डोके दोन्ही बाजूंना सुमारे २० अंश फिरवतो व त्यानंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ किती वाढली ते सांगतो. याच चाचणीत अक्षर नाकाकडे आणत ते दोन दिसू लागेपर्यंतचे अंतर मोजतात, ५ सेंमी.पेक्षा जास्त अंतर सदोष धरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ ते १७ वयाच्या १०० रुग्णांच्या पाहणीत ६९ जणांत दृष्टीचा किमान एक दोष आढळला. हे रुग्ण विशेष उपचारकेंद्रातले असल्याने तो आकडा सर्व खेळाडूंना लावता येत नाही.

उपचार : पहिले २४ ते ४८ तास तुलनेने विश्रांती, नंतर हलके चालणे-फिरणे. अंधाऱ्या खोलीत अनेक दिवस पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. रेंगाळलेल्या तक्रारींत मान व तोल यांच्या एकत्रित व्यायामाने २०१४ च्या एका छोट्या चाचणीत आठ आठवड्यांत ७३% रुग्णांना खेळण्याची परवानगी मिळाली. असे एकत्रित व्यायाम न केलेल्या गटात हे प्रमाण ७% होते. चाचणीत १२ ते ३० वयाचे रुग्ण होते.

किशोरवयीनांना बरे होण्यास चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. हादऱ्याचा संशय आल्यास त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवत नाहीत. शाळा आधी पूर्ववत व्हावी, मग टप्प्याटप्प्याने सराव. धक्का बसू शकेल अशा सरावाला वैद्यकीय संमती लागते.